हॅझार्ड आणि रिस्क, आपण दोन्हीला धोकाच म्हणतो, मग फरक नेमका कुठे पडतो?

शिफ्ट_इनचार्ज:

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. आमची सॉल्व्हंट वापरणारी केमिकल कंपनी आहे, एमआयडीसीत. मी मूळ प्रॉडक्शनचा, आता सेफ्टी कमिटीवर घेतलंय आणि हिरा शीट भरायचं काम माझ्याकडे आलंय, म्हणजे तोच तक्ता, हॅझार्ड ओळखा आणि रिस्क ठरवा. त्यात एक कॉलम हॅझार्डचा, शेजारी दुसरा रिस्कचा. जुन्या शीट काढून बघितल्या तर दोन्हीकडे जवळपास एकच, हॅझार्डमध्ये 'आग', रिस्कमध्ये 'आग लागणे', हॅझार्डमध्ये 'उंची', रिस्कमध्ये 'उंचीवरून पडणे'. असं पन्नास ओळी.

व्याख्या शोधली, मिळाली पण. हॅझार्ड म्हणजे इजा करण्याची क्षमता, रिस्क म्हणजे शक्यता गुणिले परिणाम. पाठ झाली, पण ड्रमसमोर उभं राहिल्यावर तिचं काय करायचं ते कळत नाही. शिवाय दर शुक्रवारी कॉन्ट्रॅक्टच्या पोरांसमोर टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची छोटी बैठक, द्यावा लागतो, तिथे इंग्रजी चालत नाही, दोन्हीला धोका म्हटलं की विषय तिथेच संपतो. हा फरक खरंच कामाचा आहे का फक्त ऑडिटरला दाखवायला आहे? कामाचा असेल तर पोरांना कळेल असं कसं सांगायचं? ज्यांनी प्लांटवर काम केलंय त्यांनी सांगा प्लीज.

सेफ्टीवाले_काका:

कामाचा आहे, फार कामाचा आहे, आणि तुम्ही विचारलंत ते बरं केलंत कारण निम्म्या कंपन्यांत तो तक्ता तुम्ही म्हणता तसाच भरलेला असतो.

हॅझार्ड वस्तूत असतो, रिस्क कामात असते. तुमच्याकडे टोल्युइन असेलच, तेच घेऊ. २०० लिटरचा ड्रम. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे वर्षातल्या कुठल्याही दिवशी उघड्या ड्रमच्या तोंडाशी पेट घेण्याइतकी वाफ असतेच असते. हवेत साधारण सव्वा टक्का वाफ झाली तरी पेटू शकते. वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत गटारात, खड्ड्यात जाऊन बसते. हा झाला हॅझार्ड. तो ड्रम चाकणला असो, तारापूरला असो का जर्मनीत असो, हे सगळं तसंच राहणार. म्हणून सप्लायरकडून येणाऱ्या एसडीएसमध्ये, म्हणजे रसायनाच्या सुरक्षेच्या माहितीपत्रकात, १६ सेक्शन असतात त्यातल्या दुसऱ्या सेक्शनचं नाव हॅझार्ड आयडेंटिफिकेशन आहे, रिस्क असेसमेंट नाही. सप्लायरला रिस्क लिहिताच येत नाही, तुम्ही तो ड्रम कुठे ठेवणार, कोण उघडणार, शेजारच्या बेमध्ये वेल्डिंग चालू आहे का, हे त्याला माहीतच नाही.

आता तोच ड्रम फ्लेमप्रूफ फिटिंग असलेल्या स्टोअरमध्ये बूच घट्ट लावून उभा आहे, अर्थिंग आहे, हवा खेळती आहे, तेव्हा रिस्क कमी. तोच ड्रम साध्या प्लॅस्टिक पाइपने रिअ‍ॅक्टरमध्ये चार्ज करताय, म्हणजे ओतताय, पाइपचं टोक वरच धरलंय, द्रव वरून धो धो पडतोय, अर्थिंगची क्लिप खाली लोंबतेय, मॅनहोल उघडं आहे आणि पोरगा वर वाकून लेव्हल बघतोय, तेव्हा रिस्क प्रचंड. टोल्युइनमधून वीज सहज वाहत नाही त्यामुळे पडताना आणि घुसळताना त्यात स्थिर वीज साठत जाते आणि एक ठिणगी पुरते, बाहेरून कुणी काडी लावायची गरज नसते. ड्रम तोच, एसडीएस तीच, हॅझार्ड इंचभर बदलला नाही, रिस्क मात्र पार दुसरी.

शीट भरताना मी एक सवय लावून घेतलीय ती सांगतो. रिस्कच्या कॉलममधलं वाक्य वाचायचं आणि त्यात माणूस आणि काम दिसतंय का बघायचं. 'आग लागणे' यात कुणीच नाही. 'ड्रममधून रिअ‍ॅक्टरला चार्ज करताना स्थिर विजेच्या ठिणगीने वाफ पेटून मॅनहोलवरचा ऑपरेटर भाजणे' यात माणूस पण आहे, काम पण आहे आणि काय करायला हवं तेही त्याच वाक्यातून कळतं, डिप पाइप म्हणजे तळापर्यंत जाणारा पाइप लावा, बाँडिंग म्हणजे दोन्ही भांडी तारेने जोडून घ्या, चार्जिंग हळू करा, आतली हवा घालवायला नायट्रोजन द्या. उंचीचं पण तसंच. हॅझार्डमध्ये नुसतं 'उंची' नका लिहू, 'शेडचं सिमेंट पत्र्याचं छप्पर, उंची ८ मीटर' लिहा. रिस्क मग आपोआप निघते, 'पावसाळ्याआधी पत्रा बदलताना जुना पत्रा पायाखाली फुटून माणूस खाली पडणे'. दरवर्षी मे-जूनमध्ये एमआयडीसीत माणसं अशी जातात. पत्र्यावर फळ्या टाकून त्यावरून चालायचं, लाइफलाइन बांधायची, एवढ्याशा गोष्टी असतात हो.

पोरांना मराठीत सांगताना मी हॅझार्डला धोका आणि रिस्कला जोखीम म्हणतो. 'जोखमीचं काम' हा शब्द त्यांच्या तोंडात आधीपासून आहे, समजावायला लागत नाही.

प्रयोगशाळा_ताई:

काकांचं एकदम पटलं. मी फूड टेस्टिंगमध्ये आहे, आमच्याकडे हा गोंधळ रोज फोनवर येतो म्हणून लिहितेय, थोडं विषयाबाहेर वाटेल पण नाहीये.

कर्करोगावर काम करणारी जागतिक आरोग्य संघटनेची एक संस्था आहे, आयएआरसी, ती पदार्थांची गटवारी करते. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तिने सॉसेज, हॅम, बेकन असलं प्रक्रिया केलेलं मांस ग्रुप १ मध्ये टाकलं आणि त्याच गटात तंबाखू आहे, झालं, सगळीकडे मेसेज फिरले की सॉसेज सिगरेटइतकंच वाईट. तसं त्या यादीत कुठेच म्हटलेलं नव्हतं. ती यादी हॅझार्डची आहे, म्हणजे या गोष्टीमुळे माणसाला कॅन्सर होऊ शकतो याचा पुरावा किती पक्का आहे एवढंच ती सांगते, किती खाल्ल्यावर किती जणांना होईल ते सांगत नाही. त्याच ग्रुप १ मध्ये सूर्यप्रकाश पण आहे. रिस्कचा आकडा वेगळा दिला होता, रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, आणि ही वाढ मूळ शक्यतेवर, नुसती १८ टक्के नाही. सिगरेटने फुप्फुसाच्या कॅन्सरची शक्यता कित्येक पटींनी वाढते.

अ‍ॅस्पार्टेमचं बघा. जुलै २०२३ मध्ये आयएआरसीने ते ग्रुप २बी मध्ये टाकलं, म्हणजे 'कदाचित', आणि त्याच दिवशी दुसऱ्या समितीने, जिचं काम खाण्यातल्या अ‍ॅडिटिव्हची रिस्क ठरवणं आहे, तिने सांगितलं की दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा कायम. लोक म्हणाले दोन समित्या भांडतायत. भांडत नव्हत्या, एक हॅझार्ड बघत होती, एक रिस्क बघत होती. ७० किलोच्या माणसाला ती मर्यादा ओलांडायला डाएट कोल्ड्रिंकचे दिवसाला ९ ते १४ कॅन प्यावे लागतील.

आता मला ज्याचं खरंच वाईट वाटतं ते सांगते. सुपारी, नुसती सुपारी, तंबाखू नसलेली सुद्धा, २००४ पासून ग्रुप १ मध्ये आहे. म्हणजे हॅझार्ड पक्का. आणि रिस्क? मावा खाणारा पोरगा तो तासन्‌तास गालात धरून ठेवतो, दिवसातून किती वेळा, रोज, वर्षानुवर्षं. वस्तू पण घातक आणि संपर्क पण सतत. आमच्या इथे लॅबमध्ये सामान पोचवायला येणारा एक जण, पंचविशीतला असेल, वडापाव तोडून तोडून तुकडे करून खातो कारण तोंड उघडत नाही, उभी तीन बोटं तोंडात जात नाहीत. हाच मला विचारत होता ताई डाएट कोलाने कॅन्सर होतो का. तुमच्या शुक्रवारच्या टॉकमध्ये हे नक्की घ्या, निम्म्यांच्या खिशात पुडी असेल.

विमावाला_नाशिक:

एक छोटीशी भर. इन्शुरन्समध्ये हे शब्द वेगळ्या अर्थाने येतात, तिथे फसू नका. आमच्या परीक्षेत आग, पूर, चोरी याला पेरिल म्हणतात, आणि पेरिलची शक्यता वाढवणारी जी परिस्थिती असते तिला हॅझार्ड, उदाहरणार्थ गोदामात रॉकेल ठेवलंय, वायरिंग जुनं आहे, हे फिजिकल हॅझार्ड. विमा आहे म्हणून माणूस निष्काळजी झाला तर तो मॉरल हॅझार्ड. आणि रिस्क हा शब्द तर ज्याचा विमा उतरवलाय त्या मालमत्तेला पण वापरतात. फायर पॉलिसीचा सर्व्हेअर आला की तो या भाषेत बोलेल, तुमची हिरा शीट वेगळ्या भाषेत आहे, दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

औशाचा_मी:

माझा कारखान्यांशी संबंध नाही, मी सिव्हिलवाला आणि गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून लांब नाही. हा फरक आमच्याकडे कुणाला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक नुकतेच झोपलेले. भूकंप ६.२ च्या आसपासचा. जगात एवढ्या ताकदीचे भूकंप दरवर्षी कितीतरी होतात. तेव्हाच्या नकाशात आमचा भाग झोन १ मध्ये, म्हणजे देशातला सगळ्यात कमी हॅझार्ड. माणसं गेली जवळपास १० हजार. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप किल्लारीपेक्षा कमी नव्हता, तिथे गेले दोनशेच्या आसपास.

मग एवढा फरक कशाने? बऱ्याच अंशी घरांनी. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे काळ्या दगडाची दोन-अडीच फुटी भिंत, कुठे त्याहून जाड, बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे खडी-माती भरलेली, दोन्ही थरांना जोडणारा आडवा लांब दगड नाही, चुना-सिमेंट नाही, नुसता चिखल. वर सागाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचं माळवद, दरवर्षी गळतं म्हणून वर अजून माती टाकायची, वर्षानुवर्षं टाकत टाकत ती फूटभर, दोन फूट झालेली. उन्हाळ्यात घर गार राहतं, फार छान राहतं, खोटं नाही. पण भिंत हलली की तिचे दोन थर दोन बाजूंना फुगून पडतात आणि माळवदाची सगळी माती झोपलेल्या माणसांवर. बरेच जण दगडाने नाही, मातीखाली गुदमरून गेले. पहाटेऐवजी दुपारी चार वाजता झाला असता तर निम्मं गाव शेतात असतं, हॅझार्ड तोच असता आणि आकडा वेगळा असता.

म्हणून आपत्ती व्यवस्थापनात तीन गोष्टी बघतात, हॅझार्ड काय, त्याच्या टप्प्यात कोण आणि काय आहे, आणि ते किती कच्चं आहे. तिन्ही मिळून रिस्क. तो जो भूकंपाच्या झोनचा रंगीत नकाशा सगळे दाखवतात तो फक्त पहिल्या गोष्टीचा आहे. २००२ मध्ये झोन १ रद्दच केला आणि आमचा भाग झोन ३ मध्ये आला, त्या दिवशी जमिनीत काही बदललं नाही, माहिती बदलली. आणि आजही बिल्डर लोकांना सांगतात की आपला झोन कमी आहे, काळजी नको. तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब, वर सहा मजले, कॉलमच्या रिंगा लांब लांब, त्या बिल्डिंगची रिस्क झोनवरून कशी ठरेल?

तुमच्यात आणि आमच्यात एक मोठा फरक आहे. भूकंपाचा हॅझार्ड मी कमी करू शकत नाही, माझ्या हातात फक्त घर आहे. तुम्ही तो ड्रमच काढून टाकू शकता.

शिफ्ट_इनचार्ज:

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, लातूरच्या दादांचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. काका, आता पुढचा प्रश्न. शीटमध्ये कंट्रोलच्या, म्हणजे खबरदारीच्या उपायांच्या, आधीची रिस्क आणि नंतरची रिस्क असे दोन आकडे टाकायचे असतात, ५ बाय ५ च्या मॅट्रिक्समधून. जुन्या शीटमध्ये सगळीकडे आधी २० आणि 'पीपीई दिले', म्हणजे मास्क, बेल्ट, गॉगल दिले, असं लिहून नंतर थेट ४. हे बरोबर आहे का?

ईटीपी_ऑपरेटर:

काकांच्या आधी मी बोलतो कारण या आकड्यांवर आम्हाला आत उतरवतात. मी ज्या कंपनीत आधी होतो, नाव नाही घेत, तिथे इक्वलायझेशन टँकचा, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी आधी साठवतात त्या टाकीचा, गाळ काढायचा होता. शीटमध्ये हॅझार्ड 'गॅस', रिस्क 'लो', कंट्रोल 'मास्क दिला'. मास्क कुठला तर धुळीचा, कापडासारखा पांढरा. त्या टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याला धुळीचा मास्क काही म्हणजे काही करत नाही, गॅस सरळ आत येतो. वरून लोक म्हणतात सडक्या अंड्याचा वास आला की बाहेर ये. १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास गेलं की नाकच मरतं, वास येणं बंद होतं, माणसाला वाटतं गॅस गेला. आणि गाळ शांत पडलेला असतो तोवर मीटरवर कमी दाखवतं, फावडं घातलं की आतला अडकलेला गॅस एकदम सुटतो. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला तसाच उडी मारतो, मग तिसरा. मी त्या दिवशी नाही म्हणालो, ब्लोअर लावा, मीटर दोरीला बांधून तीन लेव्हलला सोडा, माणसाला वर ओढायचा ट्रायपॉड आणा, मग उतरतो. दोन दिवस काम थांबलं म्हणून खूप ऐकून घेतलं पण कुणी मेलं नाही. तेव्हा साहेब, तुम्ही त्या खुर्चीवर बसलाय तर ४ लिहिण्याआधी टँकच्या तोंडाशी जाऊन या, एवढीच विनंती आहे.

सेफ्टीवाले_काका:

भाऊ, तुम्ही थांबलात ते शंभर टक्के योग्य केलंत.

इनचार्ज साहेब, २० वरून ४ असं पीपीईने होत नाही, कारण सांगतो. मॅट्रिक्समध्ये दोन बाजू, एक परिणाम किती गंभीर, दुसरी घडण्याची शक्यता किती. धोका वस्तूत आहे तसाच बसलेला असेल तर घडल्यावरचा परिणाम बहुतेक वेळा तसाच राहतो. बेल्ट, मास्क, गॉगल यांनी थोडंफार वाचतं, तेही नीट घातलं, योग्य प्रकारचं असलं, उकाड्यात काढून ठेवलं नाही तर. म्हणून ते सगळ्यात शेवटी मोजायचं. आधी वस्तूच काढता येते का बघा, नाही तर कमी घातक वस्तू, नाही तर यंत्राने बंदिस्त करा, मग परमिट आणि ट्रेनिंग, आणि मग पीपीई. पहिल्या दोनमध्ये हॅझार्ड स्वतः कमी होतो, बाकी सगळ्यात फक्त रिस्क, आणि ती परत वाढू शकते. त्या पांढऱ्या मास्कसारखी गोष्ट तर कंट्रोल म्हणून धरायचीच नाही, त्याने आकडा २० चा २० च राहतो.

भोपाळला हेच झालं. २ डिसेंबर १९८४ ची रात्र, ६१० नंबरच्या टाकीत साधारण ४० टन मिथाइल आयसोसायनेट. तो त्या कारखान्याचा विकायचा माल नव्हता, मधल्या टप्प्यावरचा पदार्थ होता, साठवून ठेवला होता. त्याची जोखीम आटोक्यात ठेवायला थंड ठेवायचं युनिट होतं, गॅस धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर होता, सुटलेला गॅस जाळून टाकणारा फ्लेअर होता. थंड करायचं युनिट काही महिने आधीपासून बंद, फ्लेअरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला. ट्रेव्हर क्लेट्झ नावाचे ब्रिटिश केमिकल इंजिनिअर त्याच्याही आधीपासून सांगत होते की जे साठवलेलंच नाही ते गळणार नाही. तुमच्या शेडमध्ये टोल्युइनचे वीस ड्रम पडून असतील आणि शिफ्टला दोनच लागत असतील तर अठरा स्टोअरला परत पाठवा, शीटमध्ये पहिल्यांदा खरा आकडा खाली येईल.

शिफ्ट_इनचार्ज:

उद्याच मोजतो शेडमधले ड्रम. शेवटचं एक विचारतो. आमच्याकडे नायट्रोजन लाइन आहे, रिअ‍ॅक्टर इनर्ट करायला, म्हणजे आतली हवा घालवायला. त्याच्या लेबलवर कवटी नाही, फक्त सिलिंडरचं चित्र आणि 'वॉर्निंग'. टोल्युइनवर 'डेंजर' लिहिलंय. म्हणजे नायट्रोजनला रिस्क कमी धरायची ना?

सेफ्टीवाले_काका:

अजिबात नाही, आणि हे शुक्रवारी सगळ्यात आधी सांगा. लेबलवरचे दोन शब्द, डेंजर जास्त तीव्र आणि वॉर्निंग त्याखालचा, हे हॅझार्डच्या वर्गावरून येतात. नायट्रोजन विषारी नाही, जळत नाही, हवेत ७८ टक्के तोच आहे, लेबल फक्त सिलिंडरमधल्या दाबाबद्दल बोलतंय. उघड्या यार्डात थोडा गळला तर काही होत नाही. पण इनर्ट केलेल्या रिअ‍ॅक्टरमध्ये ऑक्सिजन २०.९ वरून पाच टक्क्यांच्या खाली आलेला असतो, वास नाही, रंग नाही, गुदमरल्यासारखं वाटतसुद्धा नाही कारण ती जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते आणि तो तर बाहेर पडतच असतो. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. गॅस्केट पडलं म्हणून मॅनहोलमधून डोकं आत घालून बघणारे सुद्धा गेलेत, पूर्ण आत उतरायची गरज नाही.

तेव्हा नायट्रोजनच्या ओळीत लिहा, 'इनर्ट केलेल्या रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलमध्ये ऑपरेटर वाकल्याने ऑक्सिजनअभावी बेशुद्ध होऊन मृत्यू', परिणाम ५. कंट्रोलमध्ये, मॅनहोल उघडण्याआधी नायट्रोजन लाइनला ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी धातूची चकती, टाकणं, नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, व्हॉल्व्ह आतून गळतात. मग हवा मारून ऑक्सिजन १९.५ च्या वर आल्याचं मीटरवर बघणं, मॅनहोलला जाळी आणि कुलूप, किल्ली शिफ्ट इनचार्जकडे. म्हणजे तुमच्याकडेच. ब्लाइंड स्टोअरला आहे का ते बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी त्या साइजचं नसतंच, फॅब्रिकेटरकडून करून घ्यावं लागतं.